अतीत कोण?

गणपती, दिवाळी, होळी हे सण सगळ्यांचेच असतात, आमच्या आईला त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. तिचा जीव होता कॅलेंडरमध्ये तारखेखाली बारीक अक्षरात छापलेल्या दिवसांवर. हे दिवस शाळेला माहीत नसत, बाबांच्या कारखान्याला माहीत नसत आणि त्यांची सुट्टी कोणी देत नसे. दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे आणि कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खायचे. शिळासप्तमीला स्टोव्ह पेटवायचा नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं. शेजारच्या गुजराती बाईची सातम आमच्यानंतर यायची आणि ती आठवणीनं ताट पाठवायची, त्यामुळे मुलुंडच्या आमच्या चाळीत एका श्रावणात दोनदा शिळं खाणारं घर आमचंच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. मुलुंडमध्ये तेव्हा बैल शोधून सापडला नसता, पण आई भाजीवाल्याला थांबवून विचारायची, "हे परसातलं ना रे? नांगरलेलं नाही ना?" तो बिचारा मान हलवायचा. मला या सगळ्याची लाज वाटायची. वर्गातल्या मैत्रिणींना मी यातलं काही सांगत नसे.

पिठोरी अमावास्या मात्र मला आवडायची. ती श्रावणाच्या शेवटच्या दिवशी येते आणि ती आयांची असते. पोरं जगावीत म्हणून आई दिवसभर उपास करते, संध्याकाळी भिंतीवर चौसष्ट योगिनींचा कागद चिकटवून पूजा करते आणि मग गमतीचा भाग येतो. खीर-पुरीचं वाण आणि त्यात कणकेचा पेटता दिवा, असं ताट आई डोक्यावर धरते. मुलांकडे पाठ करून उभी राहते आणि विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी, दाराशी आलेला पाहुणा. मागे उभं असलेलं मूल म्हणतं, "मी." मग आई मागे न बघता ताट खांद्यावरून देते आणि मूल ते घेतं. बस, एवढंच. जिनं जन्म दिला तिनंच आपल्याला कोण म्हणून विचारायचं, याचं आम्हा बहिणींना इतकं हसू यायचं की आई पाठमोरीच ओरडायची, "दात काढू नका, खीर सांडेल."

एक गोष्ट मात्र आमच्याकडे हसण्यावारी नेत नसत. ज्या बाईच्या मागे उभं राहून मूल 'मी' म्हणेल, ते मूल तिचं. म्हणून आपलं पोर दुसरीच्या वाणाला कोणी उभं करत नसे. प्रत्येक ताटासाठी तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही, तर ताट खाली ठेवायचं, ते गाईला घालायचं आणि त्या बाईनं पुन्हा वाण डोक्यावर घ्यायचं नाही.

बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे काका, ट्रॉम्बेला सरकारी नोकरीत होते आणि मानखुर्दजवळ त्यांना क्वार्टर होतं. दोन खोल्या, वर पंखा, घरातच संडास-बाथरूम. मूलबाळ नव्हतं. काकी दरवर्षी पिठोरी करायची, कारण मूल व्हावं म्हणूनही ती करतात. वाणाला ती शेजारच्या एका लहान मुलाला मागे उभं करायची, त्याच्या आईला ही समजूत ठाऊक नव्हती. एका वर्षी त्याची आजी गावाहून आलेली होती. तिनं हे बघितलं आणि 'मी' म्हणायच्या आत नातवाला दंडाला धरून ओढत नेलं. ते बिल्डिंगभर झालं. त्यानंतर काकीला कोणी मूल दिलं नाही, आणि रिकाम्या खोलीत विचारायची तिची छाती झाली नाही. ती नुसती पूजा करून उठायची.

या काकीवर माझ्या आईचा जीव होता. आईची आई ती लहान असतानाच गेलेली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती कोकणातून आली तेव्हा तिला भाताचं पाणी किती ठेवायचं तेही कळत नव्हतं. जावेनं तिला सगळं शिकवलं, आणि आमची चारही बाळंतपणं काकीनंच केली. पहाटे उठून आईला शेक द्यायचा, तेल लावायचं, डिंकाचे लाडू वळायचे, रात्री पोर रडलं की स्वतः घेऊन बसायचं. माझ्या वेळी तर म्हणे आईला ताप होता आणि पहिले काही दिवस मी काकीच्याच कुशीत होते. ही गोष्ट काकी मला इतक्यांदा सांगायची की मला ती पाठ झाली होती.

तेव्हा मी चौथीत होते. गिरणी संपात बाबांची नोकरी गेली होती आणि ते भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात लागले होते. मोठ्या दोघी बहिणी घरकामाला उपयोगी पडत होत्या. धाकटा मुलगा होता, त्याच्याबद्दल तर बोलायचंच नाही. उरले मी. हिशोब अगदी सरळ होता, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला.

श्रावण लागला होता. काका एकटेच आले होते आणि बाबांबरोबर गॅलरीत उभे होते. मी आत मोरीच्या पडद्याआड भांडी विसळत होते.

"पिठोरीला आम्ही तुझ्याकडेच येतो," काका म्हणाले. "वाणाला तुझी तिसरी पोर आमच्या हिच्या मागे उभी राहील. 'मी' म्हणाली की झालं. संध्याकाळीच घेऊन जातो. कागद काय, मागाहून करू."

बाबा म्हणाले, "तिच्या आईला विचारलंत?"

"हिनं विचारलं ना गेल्या आठवड्यात."

"मग?"

"काही बोलली नाही."

"मग हो असेल," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला तांब्या मोरीत पडला. बाबांनी आत डोकावून "नीट धर गं" एवढंच म्हटलं. मला त्यांचा राग आला, काकांचा आला, पण सगळ्यात जास्त आईचा आला. तिला विचारलं होतं आणि ती काही बोलली नव्हती. माझी आई, जी भाजीवाल्याशी नांगरावरून वाद घालायची, ती काही बोलली नव्हती.

पुढचे दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. दुसरं नाव नाही त्याला. ती एका दुपारी पितळी तांब्यात निखारे घालून माझे दोन्ही फ्रॉक इस्त्री करत बसली. माझे फ्रॉक कधीच कोणी इस्त्री करत नसे. बहिणी माझ्याशी गोड वागायला लागल्या. थोरलीनं तिची निळी रिबन मला देऊन टाकली, जिला हात लावला तर एरवी तिनं माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. मी ती रिबन तिच्या अंगावर फेकली. ती रडली, पण माझ्याशी भांडली नाही, आणि मग माझी खात्रीच पटली.

मी आईला आडून आडून विचारून बघितलं. "मानखुर्दला जायला किती वेळ लागतो?"

"बस बदलावी लागते," आई म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

"तिथली शाळा चांगली आहे का?"

"असेल. मोठी आहे म्हणतात."

पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं आणि तिनं सरळ हो म्हटलं असतं तर?

आता खरं तेही सांगते. मला काकी आवडायची. मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला जायचे तेव्हा ती माझ्यासाठी घावणे करायची, गुळाच्या रसाबरोबर. माझे केस न ओढता विंचरायची. पंख्याखाली आख्ख्या पलंगावर मी एकटी झोपायचे आणि रात्री जाग आली की काकी उशाशी बसून माझ्याकडे बघत असायची. मुलुंडला आम्ही चौघं भावंडं एका सतरंजीवर, आणि कोणाचा पाय कोणाच्या तोंडात याचा पत्ता नसे. सकाळी चाळीच्या संडासाला डबा घेऊन रांग. तेव्हा काकीकडे जायचं नाही असं माझ्या मनात अगदी पक्कं होतं म्हटलं तर ते खोटं होईल. एका रात्री वाटायचं नाही जाणार, पाय गॅलरीच्या गजाला बांधून घेईन. दुसऱ्या रात्री पंखा आठवायचा. आणि मग स्वतःचीच चीड यायची. मला हे ठरवायला लावू नये, कोणीतरी मोठ्या माणसानं ठरवावं, एवढंच मला हवं होतं. पण सगळ्या मोठ्या माणसांनी ते माझ्या एका शब्दावर आणून ठेवलं होतं.

पिठोरीचा दिवस उजाडला. पाऊस नव्हता, नुसता घाम. आईनं सकाळी कणीक भिजवली आणि दिवे करायला बसली. दर पोरामागे एक दिवा. मी दारात उभी राहून बघत होते. थोरलीचा झाला, मधलीचा झाला. मग तिनं धाकट्याचा केला आणि हात थांबवला. परातीत एक गोळा तसाच राहिला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"पीठ उरलंय," आई म्हणाली आणि त्यावर ओलं फडकं टाकलं.

दुपारी काका-काकी आले. काकी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. तिच्या पिशवीत माझ्यासाठी लाल फ्रॉक होता, झालरीचा, आणि पट्ट्याचे बूट. तिनं मला पुढ्यात घेतलं, केस सोडले आणि विंचरायला लागली. दोन वेण्या घालून झाल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"येतलंस मगे माझ्या वांगडा?" तिनं विचारलं. तिच्याबरोबर येशील ना, असं.

मी गप्प बसले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मला कळलं की तिनं ते हो समजलं. आमच्या घरात त्या महिन्यात गप्प बसण्याचा अर्थ हो असाच होऊन बसला होता.

त्याच वेळी मोरीत बाबा आईशी हळू आवाजात बोलत होते. पडदा पातळ होता.

"काही बोलायचं असेल तर आता बोल. मग भावासमोर माझी शोभा नको."

"काय बोलू?" आई म्हणाली. "वैनींना नाही कुठल्या तोंडानं म्हणू? मला आईची माया कळली ती त्यांच्यामुळे."

"म्हणजे तुझं हो आहे?"

आईनं नळ सोडला. पुढचं काही ऐकू आलं नाही.

दिवेलागणीला पूजा मांडली. आमची खोली ती केवढी. आम्ही आठ माणसं, पाट, समया, कागदावरच्या योगिनी आणि वर धुपाचा धूर. आईनं धूप इतका घातला होता की डोळे चुरचुरत होते. कहाणी दरवर्षी आईच सांगायची. एका बाईचं मूल दरवर्षी याच दिवशी जन्मायचं आणि याच दिवशी मरायचं. त्याच दिवशी घरात सासऱ्याचं श्राद्ध, आणि ब्राह्मण उपाशी परत जायचे. शेवटी सासरच्यांनी तिला मेलेल्या मुलासकट घराबाहेर काढलं. ती रानात एका झाडावर चढून बसली. रात्री तिथे देवकन्या आल्या, त्यांनी पूजा केली, खीर-पुरीचं वाण वर धरलं आणि विचारलं, अतीत कोण? झाडावरून ती बाई म्हणाली, मी. मग तिला तिची सगळी मुलं परत मिळाली.

आई ही कहाणी घडाघडा म्हणायची. त्या दिवशी मात्र ती "झाडावरून ती बाई म्हणाली" इथे अडकली. काकीनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मग आईनं पुढचं पुरं केलं.

काकी वयानं मोठी, म्हणून पहिलं वाण तिचं. ती उठली. आईनं तिच्या ताटात खीर घातली, पुऱ्या ठेवल्या, दिवा पेटवला आणि ताट स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर दिलं. काकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी माझ्या खांद्याला धरून मला तिच्या मागे आणलं. लाल फ्रॉक गळ्याला टोचत होता. काका दाराशी, बहिणी धाकट्याला घेऊन कोपऱ्यात. आई समईजवळ उभी होती, माझ्या अगदी समोर, आणि तिथून तिला माझा चेहरा दिसत होता. तिचा मला दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते, की त्यानं मला काही सांगावं. नाही म्हण, असं. किंवा जा, असं. काहीही चाललं असतं.

"अतीत कोण?" काकीनं विचारलं.

खोलीत कोणी हललं नाही. बाहेर गॅलरीतून कोणीतरी बादली घेऊन गेलं, तिच्या कडीचा आवाज आला.

"लाजतेय," काका हसून म्हणाले. ते हसणं मला आजही ऐकवत नाही.

"अतीत कोण?" काकीनं पुन्हा विचारलं. या वेळी तिचा आवाज जरा चढला.

बाबा माझ्याकडे झुकले. "बोल गं. काय म्हणायचं ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. जिभेवर होतं. मी आईकडे बघितलं. ती जशीच्या तशी उभी. मी तिच्यावर इतकी चिडले, की हिला मी नकोच आहे, असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

मग बराच वेळ काकी काही बोलली नाही. तिला मागे बघता येत नव्हतं. मागे मी आहे की नाही हेसुद्धा तिला कळत नसणार. तिचे वर धरलेले हात कापायला लागले, ताट कलंडलं आणि खिरीचा एक ओघळ तिच्या हिरव्या साडीच्या खांद्यावर आला. दिवा फडफडला. तिची मान मागून बारीक दिसत होती. तिसऱ्यांदा कोणी बोललं नाही, तर हिला पुन्हा कधीच विचारता येणार नाही, हे मला माहीत होतं.

"अतीत कोण?" ती म्हणाली. आता तो प्रश्नसुद्धा राहिला नव्हता.

मला ते सहन होईना. मी तोंड उघडलं. मी 'मी' म्हणणार होते.

"मी," आई म्हणाली.

ती समईजवळून निघाली, मला हातानं बाजूला केलं आणि काकीच्या मागे उभी राहिली.

"हे काय?" काका म्हणाले.

"तू कशाला?" बाबा म्हणाले. "अगं, मुलानं म्हणायचं असतं ते."

"कहाणीत कोण म्हणतं?" आई म्हणाली. "मूल म्हणतं? बाईच म्हणते ना?" तिचा आवाज फाटला होता, पण ती मागे हटली नाही. "मला आई नाही. मला यांनी शिकवलं, यांनी उठवलं. मी यांची नाही तर कोणाची? वैनी, वाण द्या."

काकी तशीच पाठमोरी. मला वाटलं ताट खाली टाकेल. तिला आवाज ओळखू आला होता, आणि तिनं ज्याची वाट बघितली तो हा आवाज नव्हता. आईनं मागून ताटाला आधार दिला. तरी काकी सोडेना.

"तुका होया ह्या?" तिनं हळूच विचारलं. तुला हे हवंय का.

"होय," आई म्हणाली.

काकीनं ताट सोडलं.

काकांनी तेवढ्यात चपला पायात घातल्या होत्या. "चल," ते काकीला म्हणाले. "थट्टा मांडली आहे यांनी आपली."

"थांबा," काकी म्हणाली. ती वळून खाली बसली. रडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला होता की मी तिच्याकडे बघू शकले नाही. "उपाशी असा ती सकाळपासून. तिचा वाण होऊंदे."

मग आईनं फडक्याखालचा गोळा घेतला, घाईघाईनं त्याचा वेडावाकडा दिवा केला आणि चौथा म्हणून पेटवला. आपलं वाण डोक्यावर धरून तिनं आम्हाला एकेक करून विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी 'मी' असं ओरडले की धाकटा दचकून रडायला लागला. कोणी हसलं नाही. त्यानंतर आई काकीच्या पुढ्यात बसली आणि काकीनं दिलेलं ताट खाऊ लागली. ती खात होती आणि रडत होती, नाक ओढत होती, पुरी घशाखाली उतरत नव्हती तरी खात होती. काकी बघत होती. आईनं एक पुरी बाजूला सारली, तशी काकी म्हणाली, "ती टाकू नको." आईनं ती पण खाल्ली.

ते दोघे गेले. जाताना काकी माझ्याशी बोलली नाही. लाल फ्रॉक परतही नेला नाही. त्या वर्षी काका गणपतीला आले नाहीत, दिवाळीला आले नाहीत. बाबा आईला म्हणाले, "माझ्या भावाचं घर तोडलंस तू." आई त्यावर काही बोलली नाही, पण आता तिच्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा कोणी घेतला नसता.

पुढच्या पिठोरीला आईनं सकाळीच आमचं वाण उरकलं, डब्यात खीर आणि पिशवीत कणीक घेतली आणि एकटी बसनं मानखुर्दला गेली. दार काकीनं उघडलं की नाही, काय बोलणं झालं, हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. रात्री परत आली तेव्हा तिच्या हातात खिरीचा रिकामा डबा होता आणि खांद्यावर काकीची एक जुनी शाल होती. त्यानंतर दरवर्षी ती जात राहिली. चाळिशी-पन्नाशीची बाई दुसऱ्या बाईच्या मागे उभी राहून 'मी' म्हणते, हे बघून मानखुर्दच्या त्या बिल्डिंगमधल्या पोरी फिदीफिदी हसायच्या असं तिनंच एकदा सांगितलं. काकांचा राग निवळायला फार वर्षं लागली. काकी मात्र शेवटच्या आजारात आईशिवाय कोणाच्या हातून पाणी पीत नसे.

मला आईचा राग राहिला. हे कोणाला विचित्र वाटेल, कारण तिनंच मला ठेवून घेतलं. पण मी ते दोन वेळचं गप्प बसणं विसरू शकले नाही. काकी एकदा विचारते, आई गप्प. दुसऱ्यांदा विचारते, आई गप्प. बोलायचंच होतं तर पहिल्यांदाच का नाही बोलली? माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, तरी आईशी भांडताना कधी कधी जिभेच्या टोकावर तेच यायचं आणि मी गिळायचे.

काकी गेली त्या वर्षीची पिठोरी आली तेव्हा आई माझ्याकडे बोरिवलीला होती. तिला आता कोणाच्या मागे उभं राहायचं नव्हतं. मी गॅसवर खीर ढवळत होते, ती स्टुलावर बसून वेलची सोलत होती, आणि काही कारण नसताना मी विचारून टाकलं.

"तू दोनदा गप्प का बसलीस?"

कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही.

"तुझ्यावर सोडलं होतं मी," ती म्हणाली. "तिकडे पंखा होता, शाळा होती, वैनींचा जीव होता तुझ्यावर. माझ्याकडे काय होतं? तुला जायचं असतं आणि मी आडवी आले असते, तर जन्मभर बोलली असतीस मला. म्हणून ठरवलं, की एक शब्द बोलायचा नाही. तोंडावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. तू म्हणशील ते. पिशवी भरून ठेवली होती तुझी, कॉटखाली."

"मग तिसऱ्यांदा?"

आईनं वेलचीची सालं मुठीत गोळा केली. "तिसऱ्यांदा तू तोंड उघडलंस. आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही."

मी गॅस बारीक केला. खीर बुडाला लागत होती.

"इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणत होते," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "काय म्हणणार होतीस गं तू?"

"काही नाही," मी म्हटलं. "शिंक येत होती. धूप केवढा घातला होतास तू."

आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग हातातली वेलची खिरीत टाकली.

"मग शिंकायचं तरी," ती म्हणाली.